दिवाडीच्या बांधावरून विजेची सायकल

आपल्या शहरात आज सत्तरीच्या आसपास असलेल्या पिढीचे तारुण्य सायकलवर गेले. चिकलठाण्याच्या औद्योगिक वसाहतीत पाळी बदलण्याच्या वेळी जालना रस्त्यावर सायकलींची रांग लागे. सरस्वती भुवन, मिलिंद महाविद्यालय, शासकीय महाविद्यालय येथील विद्यार्थी आणि बरेचसे प्राध्यापकही सायकलनेच येत-जात. मागच्या कॅरियरला डबा, पायजम्याच्या पायाला चिमटा आणि हँडलला भाजीची पिशवी, असे ते दिवस होते. पुढे लुना आली, स्कूटर आली, मुलांनी मोटार घेतली आणि सायकल जिन्याखाली जाऊन गंजली. आता त्याच पिढीला गुडघ्यांसाठी, रक्तातील साखरेसाठी, हृदयासाठी पुन्हा सायकल चालवण्याचा सल्ला मिळतो. पण तो बहुधा एका जागी उभ्या असलेल्या, भिंतीकडे तोंड करून चालवायच्या सायकलीचा असतो. महिनाभरात तिच्यावर टॉवेल वाळू लागतात. यात आळसाचा भाग कमी, कंटाळ्याचा जास्त.

युरोपात गेल्या काही वर्षांत यावर एक वेगळा मार्ग निघाला आहे. ग्रीसच्या नॅक्सोस, सँटोरिनी, कॉर्फू अशा बेटांवर मार्गदर्शकाला सोबत घेऊन विजेच्या सायकलींवरून जुनी गावे पाहण्याच्या सहली निघतात. पांढऱ्या भिंतींची घरे, द्राक्षांचे मळे, चढावावरची छोटी चर्चे आणि मध्ये एखाद्या घरी खाणे, असा त्यांचा साधारण क्रम. त्यांत साठी ओलांडलेले पुष्कळ असतात, कारण चढाची भीती यंत्राने कमी केलेली असते. अस्तिपालेआ या लहानशा ग्रीक बेटावर तर 2020 मध्ये तेथील सरकारने फोक्सवॅगन कंपनीशी करार करून सारी वाहतूक विजेवर नेण्याचा प्रयोग हाती घेतला आणि त्यात विजेच्या सायकलींनाही स्थान दिले.

ग्रीस आपल्याला दूर आणि खर्चाचे. परंतु असेच काहीसे गोव्यात, मांडवीच्या पात्रातील दिवाडी बेटावर अनुभवता येते. गोव्यात 2018 च्या सुमारास बीलाइव्ह या संस्थेने विजेच्या सायकलींवरून गावे दाखवणाऱ्या सहली सुरू केल्या आणि दिवाडी हा त्यांतील एक ठळक मार्ग ठरला. नंतर इतरही आले. ‘गोवा’ म्हटले की समुद्रकिनारा आणि गोंगाट डोळ्यांपुढे येणाऱ्या ज्येष्ठ वाचकांना दिवाडी पाहून आश्चर्य वाटेल.

प्रथम ही सायकल म्हणजे काय ते समजून घेऊ. विजेची सायकल आणि विजेची स्कूटर या दोन निराळ्या वस्तू आहेत. सायकलीला पेडल असते आणि ते मारावेच लागते. आपण पेडल फिरवू लागलो की एक संवेदक ते ओळखतो आणि चाकाला जोडलेली लहान मोटार आपल्या जोरात आपला जोर मिसळते. किती मिसळायचा हे हँडलवरच्या बटणाने ठरवता येते. सपाटीवर सर्वांत कमी मदत, चढावर जास्त. पाय थांबले किंवा ब्रेक दाबला की मोटार थांबते. काही सायकलींना मोपेडसारखी मूठ पिळण्याची सोयही असते, पण व्यायामाच्या दृष्टीने ती विसरलेली बरी. आपल्याकडील नियमांनुसार मोटार 250 वॅटपेक्षा कमी शक्तीची आणि वेग ताशी 25 किलोमीटरपेक्षा कमी असेल, तर अशा सायकलीला नोंदणी किंवा चालक परवाना लागत नाही.

‘यंत्रच ओढणार असेल तर व्यायाम कसला?’ हा प्रश्न रास्त आहे. साध्या सायकलीपेक्षा श्रम कमी पडतात हे खरे. तरीही नाडी आणि श्वास यांचा वेग साधारण भरभर चालण्याइतका वाढतो. इंग्लंडमधील रेडिंग विद्यापीठातील संशोधकांनी 2019 मध्ये 50 ते 83 वर्षे वयाच्या सुमारे शंभर जणांचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. काहींनी साधी सायकल, काहींनी विजेची सायकल आठ आठवडे, आठवड्यातून तीनदा, अर्धा-अर्धा तास चालवली; काहींनी नेहमीचा दिनक्रम चालू ठेवला. लक्ष एकवटणे आणि चटकन होणारी चुकीची प्रतिक्रिया रोखणे या मेंदूच्या क्षमतांमध्ये सायकल चालवणाऱ्या दोन्ही गटांत सुधारणा आढळली. मनाच्या स्वास्थ्याच्या बाबतीत तर विजेच्या सायकलीचा गट थोडा पुढेच होता. म्हणजे लाभ केवळ घामाचा नसावा; घराबाहेर पडण्याचा, वाट शोधण्याचा, ‘मला हे जमते’ असे वाटण्याचाही असावा. एका अभ्यासावरून फार मोठे निष्कर्ष काढू नयेत, पण अनुभवाशी हे जुळते.

आता दिवाडी. जुन्या गोव्यात, व्हाइसरॉयच्या कमानीखालून उतरणारा रस्ता थेट धक्क्यावर जातो. तेथून फेरीबोट सुटते. पायी माणसाला भाडे नाही. रायबंदरहून दुसरी फेरी आहे, आणि उत्तरेला नार्वे येथून तिसरी. बेटावर रस्त्याचा पूल नाही; कोकण रेल्वे मात्र बेटावरून जाते, थांबत नाही. भाताच्या खाचरांवरून उंच जाणारी गाडी पाहताना गाव आणि गाडी यांची ओळखच नाही असे वाटते. पूल नसल्यामुळे वाहने मोजकी, आणि ज्येष्ठांच्या सायकलीला मोजक्या वाहनांसारखी दुसरी मोठी सोय नाही.

बेटाचा बराचसा भाग खाजन जमिनीचा आहे. खाडीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून मिळवलेली ही शेती शेकडो वर्षांची. बांधात ठिकठिकाणी ‘मानस’ नावाचे लाकडी दरवाजे असतात. भरतीचे पाणी आले की ते आपोआप मिटतात, ओहोटीला उघडतात आणि शेतातील जादा पाणी बाहेर जाते. वीज नाही, माणूस उभा नाही, पाण्याचा दाबच पहारेकरी. पूर्वी या बांधांची देखभाल गावकरी मिळून करीत. अशा सपाट वाटांवर एका हाताला भात, दुसऱ्या हाताला खारफुटी आणि वर बगळ्यांचे थवे. पलीकडच्या चोडण बेटावर पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या नावाचे पक्षी अभयारण्य आहे. पक्ष्यांना दोन्ही बेटे सारखीच.

मळार, पिएदाद, नार्वे ही येथील गावे. जांभ्या दगडाची घरे, पुढे बसायला दगडी बाके असलेला बलकाव, काही जुन्या खिडक्यांना काचेऐवजी शिंपल्यांच्या अर्धपारदर्शक चकत्या. दुपारी गावे अक्षरशः झोपतात. ऑगस्टमध्ये बोंदेराम या झेंड्यांच्या उत्सवाला मात्र येथे गर्दी उसळते. ज्येष्ठांनी तो दिवस टाळावा असे माझे मत.

बेटावरचा एकमेव लक्षणीय चढ पिएदादच्या टेकडीचा. वर चर्च आहे आणि तेथून मांडवी, जुने गोवे आणि बेटाचा हिरवा पट असा देखावा दिसतो. पोर्तुगीज काळापूर्वी या बेटावर मोठी देवस्थाने होती. येथला महागणपती आज खांडोळ्याला आहे. कदंब राजांचे कुलदैवत सप्तकोटेश्वर याचे मूळ स्थान बेटावरील नार्वे गावात होते. सोळाव्या शतकात ते मंदिर पाडले गेले; पुढे लिंग नदीपलीकडे डिचोली बाजूच्या नार्व्यात नेऊन स्थापले गेले आणि छत्रपती शिवाजी महाराजांनी 1668 मध्ये त्या मंदिराचा जीर्णोद्धार केला. आपल्याकडच्या वाचकांना यात एक जवळचा धागा सापडेल: वेरूळच्या घृष्णेश्वराचा जीर्णोद्धार महाराजांचे आजोबा मालोजीराजे यांच्या नावावर आहे. आजोबांचे काम आपल्या दारात, नातवाचे काम फेरीच्या त्या काठावर. मूळ स्थानाजवळची कोटितीर्थाची पुष्करणी बेटावर आजही पाहता येते.

गेल्या जानेवारीत आमच्या घरातील पाच माणसे या बेटावर गेली. निघण्यापूर्वी घरात जे घडले ते येथे सांगणे उपयोगाचे वाटते, कारण तसे बहुतेक घरांत घडते. माझे थोरले बंधू 69 वर्षांचे; चार वर्षांपूर्वी त्यांची अँजिओप्लास्टी झाली असून रक्त पातळ ठेवणारी गोळी चालू आहे. वहिनींचे दोन्ही गुडघे झिजलेले. सायकलीची कल्पना दादांनीच काढली. पुण्याहून पुतणीचा फोन आला, “काका, बाबांना तिथे काही झालं तर बेटावरून बाहेर कसं काढणार तुम्ही?” प्रश्न बिनतोड होता. मग मी वहिनींना विचारले, वहिनींनी जावयांना, जावयांनी ओळखीच्या डॉक्टरांना. तीन दिवस हे चालल्यावर दादा चहाचा कप ठेवून म्हणाले, “मला सोडून सगळे एकमेकांना विचारताय.”

काळजी घेणाऱ्यांनी हे वाक्य थोडे मनात ठेवावे. वृद्धाच्या हालचालींवर आपण प्रेमापोटी जी बंधने घालतो, त्यांतील काही आवश्यक असतात आणि काही केवळ आपली भीती शमवण्यासाठी असतात. दोन्हींतील फरक अंदाजाने कळत नाही. तपासणीने बराचसा कळतो. दादा त्यांच्या हृदयरोगतज्ज्ञांकडे गेले, ट्रेडमिलवरची चाचणी झाली, आणि उत्तर ‘हो’ आले, पण अटींसह. श्रमाचे माप नाडीवरून नव्हे तर बोलण्यावरून घ्यायचे: चालवताना पूर्ण वाक्य बोलता आले पाहिजे. हृदयाची गती रोखणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांची नाडी श्रमातही फारशी वाढत नाही, त्यामुळे मनगटावरच्या घड्याळातील आकडा पाहून निर्धास्त राहणे योग्य नाही. छातीत दाटल्यासारखे, जबड्यात किंवा डाव्या हातात दुखल्यासारखे वाटले तर ‘जरा पुढे जाऊन थांबू’ असे म्हणायचे नाही. जेथे आहोत तेथेच थांबायचे.

पुतणीच्या प्रश्नाचे उत्तरही शोधले. 108 ही रुग्णवाहिका सेवा गोव्यातही आहे आणि बांबोळीचे गोवा वैद्यकीय महाविद्यालय हे मोठे रुग्णालय फेरी ओलांडल्यावर फार लांब नाही. पण फेरी ओलांडावी लागते, हे खरेच. म्हणून अलीकडेच हृदयविकाराचा झटका येऊन गेला असेल, विश्रांतीतही छातीत दुखत असेल, रक्तदाब आटोक्यात नसेल, फिट येत असतील, तर दिवाडीच नव्हे, कोणतेच बेट सध्या नको. दादांच्या बाबतीत ही परिस्थिती नव्हती, म्हणून आम्ही गेलो.

सकाळी सातच्या सुमारास फेरीवर चढलो. फेरीचा उतार शेवाळाने निसरडा असतो. मार्गदर्शक तरुणाने सर्वांना आधीच उतरवले आणि मोटार बंद करून, ब्रेकवर हात ठेवून सायकली हातांनी न्यायला लावल्या. ज्येष्ठांच्या विजेच्या सायकलवरील पडण्याच्या घटनांपैकी पुष्कळशा वेगात नव्हे, तर चढता-उतरताना घडतात असे नेदरलँड्समधील अनुभव सांगतो. कारण सोपे आहे. ही सायकल वीस-पंचवीस किलो वजनाची असते. ती एका बाजूला कलली की सावरण्याइतका जोर हातांत राहिलेला नसतो. त्यातच पेडलवर पाय ठेवताच मोटार सुरू झाली तर सायकल पुढे झेप घेते आणि माणूस मागे राहतो. म्हणून मधला आडवा दांडा नसलेली, पाय सहज पलीकडे टाकता येणारी सायकल मागावी. सीट सुरुवातीला इतकी खाली असावी की बसल्या जागी दोन्ही पाय जमिनीला टेकतील. सराव झाल्यावर ती हळूहळू वर घ्यावी, कारण फार खाली बसल्याने गुडघा जास्त वाकतो आणि दुखतो. मोटारीची मदत शून्यावर ठेवूनच बसावे, दोन-चार पेडल मारून तोल आल्यावर पहिली पायरी लावावी.

पिएदादच्या चढावर दादांनी मदत सर्वांत वरच्या पायरीवर नेली आणि माझ्याशी पुतणीच्या घराच्या हप्त्यांविषयी बोलत बोलत वर पोहोचले. साध्या सायकलीवर असलेला त्यांचा सतरा वर्षांचा नातू अर्ध्यावर उतरून सायकल ढकलत आला. वर आल्यावर दादा चर्चच्या पायऱ्यांवर बसले, हेल्मेट मांडीवर ठेवले आणि बराच वेळ नदीकडे पाहत राहिले. नंतर त्यांनी पुतणीला फोन लावला. काय बोलले ते ऐकण्याइतका मी जवळ नव्हतो.

वहिनी सायकलवर बसल्या नाहीत. कोणी आग्रह केला नाही, हे बरे झाले. त्या मोटारीने मागून आल्या, फेरीवर मोटारही चढते. नार्व्याच्या वाटेवर एका घराच्या बलकावात बसून तेथल्या आजींशी अर्धी मराठी, अर्धी कोकणी अशा भाषेत कोकमाच्या आगळाविषयी त्यांची लांबलचक चर्चा झाली. सहलीतील सर्वांत आनंदी माणूस कोण, असे विचारले तर मी वहिनींचे नाव घेईन.

औषधांविषयी आणखी काही. रक्त पातळ ठेवणारी गोळी घेणाऱ्याने हेल्मेटशिवाय सायकलला हातही लावू नये. डोक्याला मार बसला तर बाहेरून काही दिसले नाही आणि बरे वाटत असले तरी रुग्णालयात जाऊन दाखवावे, कारण आतला रक्तस्राव काही तासांनी त्रास देऊ शकतो. मधुमेहींपैकी इन्सुलिन किंवा साखर झपाट्याने उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी उपाशी निघू नये आणि खिशात साखर किंवा ग्लुकोज ठेवावे. घाम, थरथर, गोंधळल्यासारखे होणे हे सायकलवर असताना ‘दमलो’ म्हणून सोडून देण्याचा धोका असतो. रक्तदाबाच्या आणि प्रोस्टेटच्या काही गोळ्यांमुळे बसल्या जागेवरून एकदम उठल्यास डोळ्यांपुढे अंधारी येते, म्हणून विश्रांतीनंतर आधी उभे राहावे, थोडे थांबावे, मग सायकल धरावी. लघवीचे प्रमाण वाढवणारी गोळी सहलीच्या सकाळी घ्यावी की नंतर, हे डॉक्टरांना आधी विचारावे. स्वतःहून मागेपुढे करू नये. गोव्याच्या दमट हवेत मराठवाड्याच्या कोरड्या हवेची सवय असलेल्यांना घामाचा अंदाज येत नाही. तहान लागण्याची वाट न पाहता पाणी प्यावे. हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाण्यावर मर्यादा असेल तर ती सांभाळून.

झिजलेल्या गुडघ्यांना सायकल बहुधा मानवते, कारण शरीराचे वजन सीटवर असते. पण हाडे ठिसूळ झालेल्यांना एकच पडणे खुब्याच्या अस्थिभंगापर्यंत नेऊ शकते. चक्कर येण्याचा आजार, मोतीबिंदूमुळे अंधुक दृष्टी, स्मृतिभ्रंश यांपैकी काही असल्यास स्वतः चालवणे नको, हे स्पष्ट सांगायला हवे. अशांसाठीही जगाने मार्ग काढला आहे. कोपनहेगनमध्ये 2012 साली ओले कासो यांनी वृद्धाश्रमातील मंडळींना पुढे बसवून फिरवणाऱ्या तीनचाकी सायकलींची चळवळ सुरू केली. पेडल स्वयंसेवक मारतो, चढावर मोटार मदत करते, आणि वृद्ध व्यक्ती पुढे शाल पांघरून वारा घेत बसते. आज ती पुष्कळ देशांत पोहोचली आहे. आपल्याकडे सायकलरिक्षाची परंपरा असताना हे अवघड असू नये.

सहल ठरवणाऱ्या मुलांनी आयोजकांना किलोमीटर किती असे विचारण्याऐवजी सलग किती मिनिटे सीटवर बसावे लागेल, असे विचारावे. सोबत आधाराची मोटार आहे का, गट किती जणांचा, स्वच्छतागृह कोठे कोठे आहे, ज्येष्ठांच्या वेगाने गट चालेल की गटाच्या वेगाने ज्येष्ठ, हेही. स्वच्छतागृहाचा प्रश्न विचारायला घरातील वडीलधारी संकोचतात आणि त्यापायी पाणी कमी पितात. तो तुम्हीच विचारा. साधारण दहा-बारा किलोमीटरची, मध्ये तीन-चार थांबे असलेली सकाळ पुरेशी होते. दुपारी बाराच्या आत सावलीत.

जायचे असेल तर नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चांगला. पण सराव आधी येथे, आपल्या शहरात व्हायला हवा, आणि तो किमान सहा आठवडे. जागतिक आरोग्य संघटना 65 वर्षांवरील व्यक्तींना आठवड्याला 150 ते 300 मिनिटे मध्यम श्रमाची हालचाल आणि आठवड्यातून तीन दिवस तोल व ताकद वाढवणारे व्यायाम सुचवते. तोलाचे व्यायाम आधी सुरू करावेत: खुर्चीला धरून एका पायावर उभे राहणे, खुर्चीवरून हात न टेकता उठणे. मग सायकल. दौलताबाद-खुलताबादचा घाट सुंदर असला तरी तेथील वाहनांची वर्दळ पाहता तो सरावासाठी नाही. विद्यापीठ परिसरातील झाडीचे रस्ते पहाटे मोकळे असतात, थोडा चढही मिळतो. सिडकोतील आतल्या गल्ल्या रविवारी सकाळी चालतात. पहिल्या दिवशी दहा मिनिटे, बरोबर घरातील कोणीतरी चालत. सायकल लगेच विकत घेऊ नये. आठ-पंधरा दिवस भाड्याने किंवा ओळखीच्या घरून आणून पाहावी, ब्रेक दोन्ही हातांनी नीट दाबता येतात का हे सांधेदुखी असणाऱ्यांनी मुद्दाम तपासावे. दादांनी गोव्याहून आल्यावर घेतली. त्यांची बॅटरी रात्री जेवणानंतर नातू लावतो आणि झोपण्यापूर्वी काढतो, कारण रात्रभर ती लावून ठेवायची नाही, असे दुकानदाराने दोनदा बजावले आहे.